चार वर्षांत 11 सामने, आणि मग कोच

कॉलेजच्या चार वर्षांत मी 11 सामने खेळले. त्यातलेही तीन अर्धवट. आमच्या मुख्य गोलीने, म्हणजे गोलरक्षक मुलीने, चार-पाच गोल खाल्ले की कोच माझ्याकडे बघून नुसती मान हलवायचे आणि मी हेल्मेट चढवायचे. उरलेले ऐंशी-नव्वद सामने मी बाकाच्या दाराशी बसून काढले. आइस हॉकीत ते दार सांभाळायचं काम बहुतेक ठिकाणी राखीव गोलीकडेच येतं. खेळाडू 40-45 सेकंद जीव खाऊन स्केटिंग करतात आणि धापा टाकत परततात. त्यांना आत घ्यायचं, ताज्या दमाच्यांना बाहेर सोडायचं, खिट्टी लावायची, की पुन्हा तेच.

आता मी दुसऱ्या एका कॉलेजात मुलींच्या टीमची असिस्टंट कोच आहे. सहावा सीझन चालू आहे. गेल्या दोन वर्षांत ओळखीतल्या चार-पाच मराठी घरांतून एकच प्रश्न आला: आमची मुलगी कॉलेजात हॉकी खेळते, पुढे त्यातच राहायचं म्हणते, त्यात काही आहे का? फोनवर मी दर वेळी वेगळंच काहीतरी सांगते, म्हणून एकदा नीट लिहून काढते.

नाशिकहून आम्ही मिनेसोटात आलो तेव्हा मी सहा वर्षांची होते. तिथे हिवाळ्यात पार्कातल्या मोकळ्या जागेवर पाणी सोडून रिंक करतात, शेजारी शेकायला एक खोली असते, आणि शाळा सुटली की सगळी पोरं तिथेच. मुलींच्या हॉकीला शाळांच्या अधिकृत खेळाचा दर्जा अमेरिकेत सर्वांत आधी मिनेसोटाने दिला, 1994 मध्ये. त्यामुळे मी स्टिक हातात घेतली तेव्हा गावात कुणाला त्याचं नवल नव्हतं. जे काही नवल होतं ते आमच्या घरात. लहान मुलांच्या गटात गोलीचं सामान टीमचं असतं, पाळीपाळीने सगळ्यांना घालायला मिळतं. बाबांनी दुकानात बाकीच्या सामानाच्या किमती पाहिल्या आणि म्हणाले, "तू गोलीच हो." नाशिकला आजीला फोनवर सांगितलं, "आजी, मी आता गोली आहे," तर ती म्हणाली, "कसली गोळी गं? ताप आलाय का?"

कॉलेज हॉकीची रचना थोडक्यात सांगते. एनसीएए ही कॉलेज खेळांची संस्था. हॉकीत डिव्हिजन वन आणि डिव्हिजन थ्री हेच दोन स्तर खरे. मधला जवळजवळ नाहीच. टीव्हीवर दिसतात ती डेन्व्हर, मिशिगन, बोस्टन कॉलेज ही डिव्हिजन वनची नावं. डिव्हिजन थ्रीमध्ये खेळासाठी शिष्यवृत्ती मिळत नाही. अभ्यासावर किंवा घरच्या उत्पन्नावर जी मदत मिळेल तेवढीच. मुली बारावी झाली की थेट कॉलेजात येतात. मुलगे मात्र आधी एक-दोन वर्षं ज्युनियर लीगमध्ये काढतात, त्यामुळे पहिल्या वर्षाचा मुलगा 20-21 वर्षांचा असणं अगदी नेहमीचं. कॅनडाच्या मोठ्या ज्युनियर लीगमधल्या खेळाडूंना पूर्वी एनसीएएची दारं बंद होती, ती 1 ऑगस्ट 2025 पासून उघडली. डिव्हिजन वनमधल्या जागांवर गर्दी वाढली आणि तिथून सरकलेले मुलगे खालच्या टीममध्ये येऊ लागले. घरी मुलगा असेल तर हा हिशेब आधी करा.

माझी नोकरी खरी तर कॉलेजच्या तिसऱ्या वर्षी, जानेवारीतल्या एका शुक्रवारी सुरू झाली. कॉलेज हॉकीत बहुतेक वेळा एकाच टीमशी शुक्रवारी आणि शनिवारी असे लागोपाठ दोन सामने असतात. शुक्रवारी आम्ही हरत होतो आणि मी दार उघडत होते. दुसऱ्या पीरियडमध्ये लक्षात आलं की त्यांची डावी डिफेन्समन (बचावातली खेळाडू) पक, म्हणजे खेळायची रबरी चकती, घेऊन नेटमागे गेली आणि तिने उजव्या खांद्यावरून एकदा मागे पाहिलं, की पक हमखास डाव्या भिंतीलगत जातो. पाहिलं नाही तर मधून. मी सामन्याच्या माहितीपत्रकामागे रेघा मारत बसले: नऊपैकी आठ वेळा बरोबर. रात्री हॉटेलच्या कॉरिडॉरमध्ये असिस्टंट कोचना तो कागद दाखवला. त्या काही बोलल्या नाहीत, घडी करून खिशात टाकला. शनिवारी आमची विंगर त्या भिंतीलगत आधीच जाऊन उभी राहिली, खांदा वळला, आणि पक तिच्या स्टिकवर आयता आला. त्यावर गोल झाला. सामना तरीही आम्ही हरलो, ते सोडा. सोमवारी असिस्टंट कोचनी मला व्हिडिओच्या सॉफ्टवेअरचा पासवर्ड दिला आणि म्हणाल्या, "पुढच्या टीमचे सगळे ब्रेकआउट कापून दे." आपल्या भागातून पक बाहेर काढण्याच्या चालीला ब्रेकआउट म्हणतात. त्या रात्री मी 43 तुकडे कापले. एवढा वेळ मी अभ्यासाला कधी दिला नव्हता.

म्हणून ज्यांना कोच व्हायचंय त्यांना मी पहिलं हेच सांगते: खेळत असतानाच कामाला लागा. पदवी झाल्यावर "आता काय करू" म्हणणाऱ्यांपर्यंत त्या जागा पोचतच नाहीत.

डेव्हिड कार्ल यांचं उदाहरण मला फार आवडतं. 2008 मध्ये एनएचएल या व्यावसायिक लीगच्या खेळाडू-निवडीआधीच्या तपासणीत त्यांच्या हृदयाचा आजार उघड झाला आणि 18 व्या वर्षी खेळणं कायमचं बंद झालं. त्या लीगमधल्या टॅम्पा बे लाइटनिंग टीमने तरीही सातव्या फेरीत त्यांचं नाव पुकारलं. डेन्व्हर विद्यापीठाने शिष्यवृत्ती काढून घेतली नाही. एकही सामना न खेळता ते चार वर्षं टीमसोबत विद्यार्थी-कोच म्हणून राहिले, मग ग्रीन बेच्या ज्युनियर टीममध्ये असिस्टंट झाले, 2014 मध्ये डेन्व्हरला परतले आणि 2018 मध्ये 28 व्या वर्षी हेड कोच झाले. 2022 आणि 2024 ची राष्ट्रीय विजेतेपदं त्यांच्याच हाताखाली आली. जेसिका कॅम्बेल यांची वाट वेगळी. त्या कॉर्नेल विद्यापीठाकडून आणि कॅनडाकडून खेळल्या, नंतर खेळाडूंना स्केटिंग शिकवत शिकवत 2024 मध्ये सिअॅटल क्रॅकनच्या असिस्टंट कोच झाल्या. एनएचएलमध्ये पूर्णवेळ हे पद मिळवणाऱ्या त्या पहिल्या महिला. आणि 1960 च्या ऑलिंपिक टीममधून ऐन वेळी वगळलेले, 1980 मध्ये कोच म्हणून सुवर्णपदक आणणारे हर्ब ब्रुक्स. त्यांचं नाव घेतल्याशिवाय मिनेसोटात कोचिंगवरचं बोलणं संपत नाही. घेतलं, सुटले.

कॉलेजात असतानाच करण्यासारखी दुसरी गोष्ट म्हणजे लहान मुलांना शिकवणं. त्यासाठी यूएसए हॉकी या अमेरिकेतल्या हॉकी संस्थेकडे नोंदणी, पार्श्वभूमी तपासणी, मुलांच्या सुरक्षिततेचा सेफस्पोर्ट कोर्स, वयोगटानुसार ऑनलाइन भाग आणि लेव्हल वनचं शिबिर लागतं. कॅनडात हॉकी कॅनडाची स्वतःची पद्धत आहे. हे सगळं पाच-सहा आठवडे आधी उरकून ठेवा, कागद अपुरे असतील तर बर्फावर पाय ठेवू देत नाहीत.

माझा पहिला वर्ग म्हणजे सात-आठ वर्षांची 14 पोरं, शनिवारी पहाटे 6 वाजता. मी आदल्या रात्री चार रंगांत कसरतींचा आराखडा काढला होता. बर्फावर सगळ्यांना गोळा केलं आणि समजावायला लागले. मिनिटभरात दोघं आडवी झाली, एक हातमोज्यावरचा बर्फ चाटत होता, एकीने मला विचारलं की तुझे पॅड कुठे आहेत. मी बोलतच राहिले. भिंतीशी उभे असलेले एक म्हातारे कोच स्केटिंग करत आले, म्हणाले, "वीस सेकंद. त्यापुढे त्यांचे कान गार पडतात." मग त्यांनी दाखवलं: गुडघ्यावर बसायचं, आपली पाठ स्टँडकडे ठेवायची नाही, भिंतीकडे ठेवायची, म्हणजे पोरांना आईबाबा दिसत नाहीत. एक वाक्य बोलायचं आणि सोडून द्यायचं. आज 20 वर्षांच्या मुलींशीही मी तसंच बोलते.

आता पैसे. माझी पहिली जागा ग्रॅज्युएट असिस्टंटची. मास्टर्सची फी माफ, कॅम्पसवर एक खोली आणि सीझनचे 6,000 डॉलर. सकाळी रिंकच्या दुकानात स्केट्सना धार लावायचे, तेव्हा कुठे महिना निघायचा. पण ती धारही उपयोगाला आली. छोट्या कॉलेजात सामान सांभाळायला वेगळा माणूस नसतो. पात्याच्या मधोमध खोबण पाडली की दोन कडा उरतात, त्यांवर आडवी पट्टी ठेवून दोन्ही समान आहेत का बघायचं, मग अंगठ्याचं नख फिरवायचं. नख सोललं गेलं तर धार ठीक. सामन्याआधी दहा मिनिटं कुणाचं पातं खराब झालं की सगळ्या माझ्या नावाने ओरडतात.

एका मुलाखतीत माझा बायोडेटा वाचून समोरचे हसले: "फक्त 11 सामने?" मला उत्तर सुचलं नाही, जागाही मिळाली नाही. पुढच्या मुलाखतीला मी लॅपटॉप घेऊन गेले आणि त्यांच्याच गोलीचे दहा तुकडे दाखवले: पक पॅडवर आपटण्याआधीच तिची नजर कशी उचलली जाते, आणि त्यावर तीन आठवडे काय करून घेता येईल. सामन्यांचा आकडा कुणी विचारला नाही.

बर्फावर आम्ही दिवसाला दोन तासही नसतो. बाकी वेळ व्हिडिओ, बसचं जेवण सांगणं, हॉटेलात कोण कुणासोबत, कुणाचे मार्क घसरलेत, पावत्या, आणि गाडी. रविवारी तीन-साडेतीन तास गाडी चालवून शाळेतल्या मुलींची टूर्नामेंट बघायला जायचं. एका कोपऱ्यात उभं राहून एकाच मुलीकडे बघायचं. तिच्या गोलपेक्षा मला ती चूक करून बाकावर आल्यावर काय करते ते बघायचं असतं. ज्यांना गाडी चालवायचा कंटाळा आहे त्यांनी या धंद्यात पडू नये.

ओळखी लागतात, ते लपवण्यात अर्थ नाही. हॉकी कोचेसच्या संघटनेचं वार्षिक अधिवेशन फ्लोरिडात नेपल्सला भरतं. पहिल्यांदा मी स्वतःच्या पैशाने गेले, एका खोलीत चौघी. भाषणांतलं फारसं काही आठवत नाही. सध्याची जागा मात्र तिथल्या लॉबीत, कॉफीच्या रांगेत कळली.

भारतातून शिकायला आलेल्यांसाठी एक सूचना. एफ-1 या विद्यार्थी व्हिसावर बाहेरच्या क्लबात पैसे घेऊन शिकवू नका, रोख दिले तरी नाही. कॅम्पसवरचं काम सेमिस्टर चालू असताना आठवड्याला 20 तासांपर्यंत चालतं. पदवीनंतरच्या ओपीटीत, म्हणजे काही काळ काम करायच्या परवानगीत, काम तुमच्या विषयाशी जुळावं लागतं, तेव्हा कायनेसिओलॉजी (शरीराच्या हालचालींचं शास्त्र) किंवा स्पोर्ट्स मॅनेजमेंट घेतलं असेल तर सोपं, कॉम्प्युटर सायन्स असेल तर अवघड. फुकट काम करायचं असेल तरीही आधी कॉलेजच्या परदेशी विद्यार्थी कार्यालयात विचारा.

नाशिकचा मामेभाऊ नेहमी विचारतो, भारतात हे आहे का? आहे, मुख्यतः लडाखमध्ये. 2025 मध्ये भारताच्या मुलींनी आशिया कपात कांस्य मिळवलं.

शेवटी मेलबद्दल, कारण उन्हाळ्यात मला अशा मेल रोज येतात. "मला हॉकीची आवड आहे" हे लिहू नका; आवड नसलेलं कुणी आम्हाला लिहीतच नाही. काय येतं ते लिहा: व्हिडिओ कापता येतो, गोलींना शिकवलंय, धार लावता येते, कॉलेजची व्हॅन चालवायचा परवाना आहे. सहा ओळी पुरेत. सोबत तुम्ही कापलेले दोन तुकडे जोडा, आमच्याच एखाद्या सामन्यातले असले तर मी ते त्याच दिवशी बघते. आणि फोन नंबर घाला. निम्म्या मेलमध्ये तो नसतो.