फ्रीस्टाइल पोहताना दम लागतो? मग या चुका टाळा

उन्हाळी बॅच सुरू झाली की २५ मीटरची एक फेरी कशीबशी मारून कठड्याला लटकलेले आणि ‘माझा स्टॅमिनाच कमी आहे’ असे धापा टाकत सांगणारे नवे चेहरे दरवर्षी दिसतात. त्यांतले कित्येक जण सकाळी पाच किलोमीटर धावणारे असतात, तेव्हा दोष स्टॅमिनाचा नसतो. तोंड पाण्यात असताना ते श्वास कोंडून धरतात आणि तोंड बाहेर आल्यावर, जेमतेम श्वास घेण्याइतक्या अवधीत, आधी जुना श्वास सोडून मग नवा घेऊ पाहतात. शरीरात साठत गेलेल्या कार्बन डायऑक्साइडमुळे लवकरच जीव घाबरा होतो. प्राणवायू मात्र अजून पुरेसा असतो.

गावच्या विहिरीत पाठीला डबा बांधून पोहायला शिकलेले एक गृहस्थ माझ्याकडे आले होते. विहिरीत तासभर डुंबणारा हा माणूस तलावात एका फेरीत थकत असे, कारण विहिरीतल्या सवयीप्रमाणे त्यांचे डोके सतत वर असे. डोके वर गेले की कंबर आणि पाय खाली जातात आणि तिरपे झालेले शरीर पाणी ढकलत राहते. ‘डोके खाली ठेवा’ असे मी त्यांना तीन आठवडे बजावले आणि तो माझाच मूर्खपणा होता, कारण श्वास पाण्यात सोडलेला नसल्यामुळे हवेसाठी डोके उचलण्यावाचून त्यांना गत्यंतर नव्हते. शेवटी पोहणे बंद करून आठ दिवस मी त्यांना उथळ भागात कठडा धरून नाकातोंडाने सावकाश बुडबुडे सोडायला लावले. ‘मी काय लहान मूल आहे?’ म्हणून ते रागावले. नवव्या दिवशी मात्र न थांबता चार फेऱ्या मारून आले.

श्वास घेताना डोके उचलायचे नसते, खांद्याबरोबर कुशीवर वळवायचे असते. पुढे सरकणाऱ्या डोक्यामुळे तोंडाजवळच्या पाण्यात खळगा तयार होतो आणि तिथे हवा मिळते, म्हणून गॉगलची एक काच पाण्यातच राहिली पाहिजे. सरावात मी दर तिसऱ्या हाताला (एक हात म्हणजे हाताचा एक फटका) श्वास घेतो, म्हणजे दोन्ही कुशी सारख्या वळतात. वेगात पोहताना दर दुसऱ्या हाताला घेण्यात काहीच गैर नाही.

पाय गुडघ्यातून नव्हे, कमरेपासून मारावेत. पुढे टाकलेला हात डोक्यासमोरची मधली रेघ ओलांडून पलीकडे जाऊ देऊ नये. पहिल्याच आठवड्यात हाताचे पॅडल (तळहाताला बांधायच्या प्लास्टिकच्या चपट्या पट्ट्या) विकत घेणाऱ्यांनी ते घरीच ठेवावेत. हात चुकीच्या पद्धतीने मारला जात असताना पॅडल लावल्याने खांदा तेवढा दुखावतो.

घाईने भराभर दीर्घ श्वास घेऊन पाण्याखाली दम धरण्याच्या पैजा मात्र मी माझ्यासमोर होऊच देत नाही. अशा श्वासांनी कार्बन डायऑक्साइड कमी होतो, श्वास घेण्याची निकड उशिरा जाणवते आणि त्याआधीच माणूस पाण्याखाली बेशुद्ध पडू शकतो.

स्वतः पोहताना मी प्रत्येक फेरीत हात मोजतो. नेहमीपेक्षा दोन हात जास्त लागू लागले की थांबतो आणि पुन्हा कठडा धरून बुडबुडे सोडतो.