ट्रिमचा काटा हलेना: माझा अनुभव

गोसेखुर्दच्या जलाशयात चालणाऱ्या आमच्या जुन्या स्टर्नड्राइव्ह बोटीचा (इंजिन आत, पंखा फिरवणारा ड्राइव्ह मागे बाहेर) ट्रिमचा काटा, म्हणजे ड्राइव्ह किती वर-खाली आहे ते दाखवणाऱ्या मीटरचा काटा, एकाच जागी अडकला होता. ड्राइव्ह मात्र बटण दाबलं की नीट वर-खाली व्हायचा, म्हणजे पंप आणि हायड्रॉलिक ठीक.

गावातला ट्रॅक्टरचा इलेक्ट्रिशियन म्हणाला, "भाऊ, मीटरच बदला." मीटर महाग, म्हणून आधी बोटीच्या आतल्या बाजूला, ड्राइव्हचा कोन मीटरला कळवणाऱ्या सेन्सरच्या दोन्ही वायर सोडल्या आणि मीटरकडच्या टोकांना क्षणभर जोडून पाहिलं. काटा सरकन दुसऱ्या टोकाला गेला. मीटर चांगलं होतं.

खोट सेन्सरच्या केबलमध्ये निघाली. ही केबल ड्राइव्हच्या हालचालीबरोबर सतत वाकते, वर पाणी. वेष्टन तडकून आतलं तांबं हिरवं पडलं होतं. नवी टाकायला ड्राइव्ह आणि बेल हाउसिंग (ड्राइव्ह बोटीला जोडणारा धातूचा भाग) उतरवावं लागलं. काम कंटाळवाणं, पण उघडलंच आहे तर रबरी बेलोही (ड्राइव्हच्या जोडावरची घड्यांची रबरी नळी) तपासून घ्यावा; तो फाटला तर पाणी थेट बोटीत. केबलला वळणापुरती ढील ठेवली, नाहीतर ड्राइव्ह पूर्ण वळला की ती ताणून तुटते.

जुळवणी सोपी. बोट ट्रेलरवर, इंजिन बंद, चावी चालू, ड्राइव्ह पूर्ण खाली. सेन्सरचे दोन स्क्रू ढिले करून काटा तळाशी येईपर्यंत सेन्सर फिरवायचा, मग स्क्रू कसायचे. दुसऱ्या बाजूचा लिमिट स्विच (ड्राइव्ह ठरावीक उंचीवर थांबवणारा) मात्र अंदाजाने फिरवू नका: तो चुकला तर वेगात ड्राइव्ह आधार सोडून वर जातो. उचललेल्या ड्राइव्हखाली हात घालण्याआधी लाकडी ठोकळ्याचा टेका द्याच.