छोट्या होडीच्या कॉकपिटसाठी तंबू शिवताना

शिलाई मशीन चालवता येतं, एवढ्या भांडवलावर मी शिडाच्या होडीच्या कॉकपिटवर, म्हणजे बसायच्या उघड्या खोलगट जागेवर, रात्री झोपण्यासाठी तंबू शिवायच्या कामात पडलो. करता करता कळलं की शिवण हा यातला लहान भाग आहे. तंबू नीट बसणार की रात्रभर फडफडणार, हे होडीवर घेतलेल्या मापावर ठरतं.

टेपने मापं घेऊन कागदावर आकृती काढू नका. होडीचे काठ दोन दिशांना वळलेले असतात, तिथे टेप फसवतो. खाली बसल्यावर डोकं लागणार नाही इतका बूम (शिडाच्या खालच्या कडेचा आडवा दांडा) टॉपिंग लिफ्टने, म्हणजे त्याचं मागचं टोक उचलणाऱ्या दोरीने, वर घ्या. त्यावरून जाडसर प्लास्टिक टाका, दोन्ही बाजूंनी चिमटे लावून ताणा आणि काठ, डोलकाठी, तिला धरणाऱ्या तारा यांच्या खुणा मार्करने थेट त्यावरच करा. मी अख्खा दिवस यातच घालवतो, आणि तो वसूल होतो. खालची कड दोन हुकांच्या मधे किंचित आत वळलेली कापा, मीटरमागे दोनेक सेंटीमीटर. सरळ कडेला ताण बसत नाही. शिवाय ती कड काठाच्या बाहेर उतरलीच पाहिजे. आतच संपली, तर पावसाचं पाणी थेट अंथरुणावर.

कापड माझ्या मते सोल्यूशन-डाइड (धागा बनतानाच रंग मिसळलेलं) ॲक्रिलिकच घ्यावं. ऊन सोसतं, आतली वाफही थोडी बाहेर जाऊ देतं. घडी मात्र जाड होते. ठेवायला जागाच नसेल तर कोटिंगचं पॉलिएस्टर. नायलॉन ओलं झालं की सैलावतं, पीव्हीसीला (प्लास्टिकच्या कापडाला) आतून घाम सुटतो. धागा बाँडेड (तंतू लेपाने एकत्र चिकटवलेल्या) पॉलिएस्टरचा, कारण सुती कुजतो. टाका चार-पाच मिलिमीटरचा ठेवा. बारीक टाक्यांनी भोकांची रांग पडते आणि ताण आला की कापड तिथेच फाटतं. जोडावर वरचा पदर खालच्यावर यायला हवा, म्हणजे पाणी शिवणीत अडकत नाही.

नांगर टाकल्यावर होडी बहुतेकदा नाळ, म्हणजे पुढचं टोक, वाऱ्याकडे करून उभी राहते. म्हणून डोलकाठीजवळचं टोक घट्ट मिटणारं आणि दार मागच्या बाजूला. तरी पुढे उंचावर एक झडपेचं भोक ठेवाच. हवा खेळली नाही तर श्वासाच्या वाफेनेच पहाटे छत ठिबकायला लागतं. आणि बंद तंबूत स्टोव्ह कधीही पेटवू नका. कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही. माणूस झोपेतच जातो.

बांधायला गाठी नकोत. काठाखाली हुक, त्यात अडकणारी लवचिक दोरी. रात्री नांगर घसरला तर तंबू अंधारात, ओल्या हातांनी पटकन उतरला पाहिजे, कारण तो असेपर्यंत ना शीड चढत, ना वल्ही धड मारता येत. होडीवर मुक्काम करण्याआधी डोळे मिटून दोन-तीनदा उतरवून बघा.