जुन्या मसल कारचा रंग ठरवताना

१९६०-७०च्या दशकांतल्या मसल कारचा (दणकट इंजिनाच्या अमेरिकी गाडीचा) रंग छोट्या शेड कार्डावरून ठरवू नका. कार्ड सपाट असतं, गाडी नसते. मेटॅलिक रंग तर बॉनेटवर उजळ आणि दाराच्या खालच्या वळणावर चांगलाच गडद दिसतो. पेंटरकडून एखाद्या जुन्या, गोलाई असलेल्या फेंडरवर (चाकावरच्या पत्र्यावर) प्रायमर, बेस कोट (रंगाचा थर), क्लिअर कोट (वरचा पारदर्शक थर) असं सगळं मारून घ्या आणि तो तुकडा भर उन्हात, सावलीत, रात्री दिव्याखाली बघा.

गाडीवर पट्टे काढायचे असतील तर ते आधी मास्किंग टेपने आखा आणि वीसेक पावलं मागे जाऊन बघा. बॉनेटच्या उठावाशी पट्टा जुळत नसेल तर रुंदी बदला.

मूळ रंग मात्र आधी शोधाच. त्या काळातल्या क्रायस्लरच्या गाड्यांत बॉनेटखाली फेंडर टॅगवर (धातूच्या छोट्या पट्टीवर) रंगाचा कोड असतो. क्रायस्लरच्याच १९७०च्या डॉज चॅलेंजरवर ‘एफसी७’ दिसला तर ती जांभळी ‘प्लम क्रेझी’. अशी गाडी मी तरी दुसऱ्या रंगात कधीच रंगवणार नाही. बदलायचाच असेल तर दाराच्या चौकटी, डिकीची आतली बाजू आणि इंजिन बे (बॉनेटखालची इंजिनाची जागा) यांचाही खर्च धरा. दार उघडताच जुना रंग डोकावला की महागडं कामही अर्धवट वाटतं.