वर्गातलं मूल मागे का पडतं, हे शाळेच्या रजिस्टरांतून कसं शोधावं

नाशिक जिल्ह्याच्या दिंडोरी तालुक्यातल्या द्राक्षपट्ट्यात, जिल्हा परिषदेच्या शाळेत मी सहावी-सातवीला शिकवते. नवीन शिक्षणसेवक रुजू झाला की त्याला वर्गाची ओळख बहुधा अशी करून दिली जाते : हे चार हुशार, हे मधले, आणि मागच्या रांगेचं काही खरं नाही. ही ओळख बाजूला ठेवा. मागच्या रांगेत कोण बसणार हे बरंचसं आधीच ठरलेलं असतं. मूल मुलगी आहे की मुलगा, घर रोजच्या मजुरीवर चालतं का, ते गावठाणातलं आहे की भिल्लवस्तीवरचं, घरी मराठी बोलतात की कोकणा बोली, यावर ते ठरतं. आणि या गोष्टी सुट्या सुट्या येत नाहीत. वस्तीवरच्या मजुराच्या मुलीच्या वाट्याला सगळ्या एकदम येतात. नुसतं ‘गरिबी आहे हो’ म्हणून सोडून दिलं तर हाती काही लागत नाही. कोणाला नेमकं काय अडवतं ते शोधायचं, आणि त्यासाठी शाळेच्या कपाटातली रजिस्टरं आणि एक साधी वही पुरते.

हजेरी वाचा, बेरीज नको

गेल्या वर्षीचं हजेरीपत्रक उघडा. महिनाअखेरची टक्केवारी बघू नका, ती सगळं झाकून टाकते. प्रत्येक मुलाच्या ओळीत गैरहजेरीच्या खुणा कुठे पडल्यात ते बघा.

दर आठवड्याला त्याच वारी खाडा दिसला तर तो बाजाराचा दिवस असतो. आईबाप बाजाराला जातात आणि धाकट्यांना सांभाळायला मोठी मुलगी घरी राहते. मुलगा क्वचितच राहतो. पावसाळा सरल्यापासून लांबलचक खाडा दिसला तर तो बागेचा. गोडी छाटणी, मग फेलफूट, डिपिंग, विरळणी आणि जानेवारीपासून माल काढणी, असा हा हंगाम मार्च-एप्रिलपर्यंत चालतो. त्यातच कांद्याची लागण येते. सातवीतल्या मुलाचे हात मजुरीला चालतात, आणि मुलीचे तर घरी आणि बागेत दोन्हीकडे चालतात.

याच हंगामात पेठ, सुरगाणा, हरसूल भागातून मजुरांच्या टोळ्या येतात. त्यांची मुलं बागेच्या कडेला झोपडीत राहतात. नाव त्यांच्या गावच्या पटावर आणि मूल आपल्या शिवारात, म्हणजे शाळा कुठलीच नाही. अशा मुलाला दाखल करून घ्यायला कचरू नका. शिक्षण हक्क कायदा 2009 स्पष्ट सांगतो की जन्माचा दाखला नाही किंवा आधीच्या शाळेचा दाखला यायला वेळ लागतोय, या कारणावरून प्रवेश नाकारता येत नाही. मुलाला वयाप्रमाणे वर्गात बसवायचं आणि राहिलेलं भरून काढायला वेगळं शिकवायचं. आपल्या गावचं कुटुंब बाहेर जाणार असेल तर ते निघण्याआधी मुलाच्या हातात शिक्षण हमी कार्ड द्या, म्हणजे जातील तिथल्या शाळेत ते दाखवून मुलाला बसता येईल. टोळी पहाटे निघते, मुकादमाचा टेम्पो कोणासाठी थांबत नाही. म्हणून दसऱ्याच्या आसपासच वस्तीवर चौकशी करून ठेवा.

तिसरी खूण सहावीपासून पुढे मुलींच्या ओळीत दिसते. दर महिन्याला सलग तीन-चार दिवस. मुलीला विचारू नका, आधी स्वच्छतागृह बघून या. दाराला कडी आहे का, नळाला पाणी आहे का, आणि कुलपाची किल्ली कोणाकडे असते? ती मुख्याध्यापकांच्या टेबलाच्या खणात असेल तर बारा वर्षांची मुलगी ती मागायला जाणार नाही, ती घरी राहील. आमच्याकडे किल्ली मुलींच्या वर्गात दाराच्या आतल्या बाजूला खिळ्याला असते, मुलींचा हात पोचेल एवढ्या उंचीवर. यासाठी कुठल्याही मंजुरीची गरज पडली नाही.

‘मुली तर पुढेच आहेत’

असं कोणीतरी हमखास म्हणतं, आणि निकाल तसा दिसतोही. 2025 च्या दहावीच्या निकालात राज्यात मुलींचं उत्तीर्णतेचं प्रमाण 96.14 टक्के आणि मुलग्यांचं 92.31 टक्के होतं. पण निकालात फक्त परीक्षेला बसलेली मुलं मोजली जातात. त्याआधी गळलेली मुलगी त्या टक्क्यात कुठेच नसते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत, म्हणजे 2019-21 मध्ये, महाराष्ट्रातल्या 20 ते 24 वयाच्या जवळपास 22 टक्के स्त्रियांचं लग्न अठराच्या आत झालेलं निघालं. त्यांतल्या बहुतेक कधी ना कधी कुठल्या तरी शाळेच्या पटावर होत्याच.

जनरल रजिस्टर काढा. दहा वर्षांपूर्वी पहिलीत दाखल झालेली नावं एका कागदावर उतरवा, आणि प्रत्येकापुढे शाळा सोडल्याची तारीख व कारण लिहा. कारणाच्या रकान्यात बहुतेक ठिकाणी ‘पालकांच्या विनंतीवरून’ एवढंच असतं. ते नाव घेऊन गावातल्या अंगणवाडीताईंकडे जा, त्या खरं कारण सांगतील. मुलींची नावं कुठल्या इयत्तेनंतर विरळ होतात आणि मुलग्यांची कुठे, हे एकदा कागदावर आलं की कामाला कोणत्या वर्गापासून लागायचं ते कळतं. आमच्या भागात ती जागा सातवीनंतरची आहे, कारण हायस्कूल दुसऱ्या गावात आहे. म्हणून सातवीच्या शेवटच्या महिन्यात मी ग्रामीण मुलींसाठीच्या एसटीच्या मोफत पासाची, अहिल्याबाई होळकर योजनेची, माहिती प्रत्येक आईला समक्ष देते. बस किती वाजता येते आणि परतीची शेवटची कधी, हेही सांगते. आयांचा पहिला प्रश्न पोरगी अंधार पडायच्या आत घरी येईल का, हाच असतो.

संध्याकाळची वही

गृहपाठ का झाला नाही असं विचारलं की मूल गप्प बसतं. त्याऐवजी सगळ्या वर्गाला एक साधी नोंद लिहायला द्या : शाळा सुटल्यापासून झोपेपर्यंत काय काय केलं, क्रमाने लिहा. शुद्धलेखन तपासणार नाही हे आधी सांगा.

एका घरातले भाऊ आणि बहीण, तो सातवीत, ती सहावीत. त्याने लिहिलं होतं, ‘खेळलो. चहा पिलो. मोबाईल बघितला. जेवलो. झोपलो.’ तिची नोंद अर्ध्या पानाची होती : हापशावरून पाणी, शेळी बांधली, बाळाला घेतलं, आई बागेतून आल्यावर भाकरी, भांडी, मग बाळ झोपेना म्हणून परत त्याला घेतलं. शेवटी लिहिलं होतं, ‘अभ्यासाला बसले तर लाईट गेली.’ घर एक, गरिबी एक, जात एक. दोन वह्या शेजारी ठेवल्या की मुलगी असणं म्हणजे रोज संध्याकाळचे किती तास, ते मोजता येतं. त्यानंतर मी त्या वर्गाचा गृहपाठ शाळा सुटण्याआधीच्या अर्ध्या तासात वर्गातच करून घ्यायला लागले. घरी न्यायचं काम फक्त वाचायचं. आणि पालक सभेत नावं न घेता दोन्ही दिवस वाचून दाखवले. त्या भावाच्या बापाने ते ओळखलं असणार, कारण पुढे तिच्या वहीत पाण्याच्या ओळीत ‘दादाने आणलं’ असं येऊ लागलं.

पालक सभा रोजगाराच्या दिवशी ठेवली तर ज्यांनी यायला हवं तेच येत नाहीत, एक दिवसाची मजुरी जाते. बाजारच्या दिवशी दुपारी ठेवा. आई वर्गाच्या दाराबाहेर उभी राहिली तर तिला आत बोलावून खुर्ची द्या आणि आधी तिच्या मुलाचं एक चांगलं सांगा. शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सभासद पालक आणि एकूण निम्म्या स्त्रिया असाव्यात, असं कायदाच म्हणतो. त्या जागांवर वस्तीवरची बाई बसली आहे का ते बघा.

आपला हात, आपली जीभ

हे सगळ्यात अवघड, कारण इथे बोट आपल्याकडे येतं. कार्ला हॉफ आणि प्रियांका पांडे या अर्थशास्त्राच्या अभ्यासकांनी उत्तर प्रदेशातल्या खेड्यांत मुलांना कागदावरची भूलभुलैया सोडवायला दिली होती. जाती उघड केल्या नव्हत्या तेव्हा दलित मुलं सवर्ण मुलांच्या बरोबरीने सोडवत होती. सगळ्यांसमोर नाव-जात पुकारल्यावर त्याच गटाची कामगिरी घसरली. आता आपल्या वर्गात ‘एससी, एसटीची मुलं उभी राहा, शिष्यवृत्तीचे कागद आणा’ असं कितीदा म्हटलं जातं ते आठवा. हे बंद करा. कागद पालकांकडून, एकेकट्याला सांगून घ्या.

पेपर तपासतानाही तेच. रेमा हन्ना आणि ली लिंडन या अभ्यासकांनी शिक्षकांना तपासायला दिलेल्या पेपरांवर, पेपर कोणाचाही असो, जात चिठ्ठ्या टाकून काढल्यासारखी लिहिली होती. खालची मानलेली जात लिहिलेल्या पेपरांना थोडे कमी गुण पडले. तेही त्याच जातींतल्या परीक्षकांच्या हातून जास्त. त्यामुळे ‘मी तर त्यांच्यातलाच आहे’ ही खात्री पुरत नाही. संकलित चाचणीचे पेपर मी नावावर पट्टी चिकटवून तपासते. आधी सगळ्यांचा पहिला प्रश्न, मग सगळ्यांचा दुसरा.

एका तासाला शेजारच्या वर्गाच्या सरांना मागे बसवा. तुम्ही प्रश्न कोणाला विचारता, आणि ‘का?’ कोणाला विचारता व ‘वाचून दाखव’ कोणाला सांगता, याच्या रेघा त्यांना ओढायला सांगा. झाडू कोणाच्या हातात, बाक कोण उचलतं आणि पाण्याच्या पिंपावर ओगराळं कोण धरतं, हेही लिहून घ्या. काळाराम मंदिराचा सत्याग्रह 2 मार्च 1930 ला नाशकात सुरू झाला. त्या जिल्ह्यातल्या शाळेत पाण्याच्या पिंपाकडे लक्ष ठेवणं हे शिक्षकाचं कामच आहे. कामांचा फिरता तक्ता लावा आणि त्यातून कोणालाही, मॉनिटरलासुद्धा, वगळू नका.

जातीच्या दाखल्याचं काम शाळेनेच करावं

यावर कोणी बोलत नाही म्हणून थोडं सविस्तर सांगते. शिष्यवृत्ती, वसतिगृह आणि पुढचं आरक्षण हे सगळं जातीच्या दाखल्यावर अडतं. त्यासाठी अनुसूचित जाती-जमातींना 1950 पूर्वीचा, विमुक्त-भटक्यांना 1961 पूर्वीचा आणि इतर मागासवर्गाला 1967 पूर्वीचा पुरावा लागतो. सगळ्यात सोपा पुरावा म्हणजे आजोबा-पणजोबांच्या शाळेतली नोंद. ज्यांचे पणजोबा शाळेतच गेले नाहीत त्यांच्याकडे ती नसते. म्हणजे तीन पिढ्यांपूर्वी शाळा नाकारली गेली, त्याची किंमत आज सातवीतलं पोर मोजतं.

जुन्या शाळेचं जनरल रजिस्टर आपल्याच कपाटात असतं. आजोबांचं नाव, गाव, आडनावाचे जुने स्पेलिंग विचारून घ्या आणि पानं चाळा. चुलत आजोबांची नोंदही वंशावळीसह उपयोगी पडते. सापडली तर उतारा लगेच द्या. नाही सापडली तर गाव नमुना चौदा, म्हणजे जन्म-मृत्यूची जुनी नोंद, कुठे मागायची ते कागदावर लिहून द्या. उत्पन्नाचा दाखलाही त्याच फेरीत होईल असं बघा. आठवीच्या एनएमएमएस, म्हणजे आर्थिक दुर्बल घटकांसाठीच्या राष्ट्रीय शिष्यवृत्ती परीक्षेला तो लागतो, आणि त्या शिष्यवृत्तीचे नववी ते बारावी वर्षाला 12,000 रुपये मिळतात. हे काम पाचवीतच सुरू करा, आठवीत धावपळ करून होत नाही.

वर्षअखेरीस ही सगळी टिपणं वेगळ्या वहीत उतरवा. मुलाच्या नावापुढे ‘ढ’, ‘दुर्लक्षित घर’ असलं काही लिहू नका. काय अडतं आणि काय करून पाहिलं तेवढंच लिहा : ‘नोव्हेंबर ते मार्च बागेत, कार्ड दिलं’, ‘दाखल्याचा उतारा दिला, तहसीलला अर्ज बाकी’, ‘भागाकार येतो, शाब्दिक उदाहरण घरच्या बोलीत सांगितलं की सुटतं’. जूनमध्ये शाळा उघडेल त्या दिवशी ही वही पुढच्या वर्गशिक्षकांच्या हातात द्या, आणि अर्धा तास त्यांच्यासोबत बसा.