व्हिममधील सेटिंग्ज कायम राहाव्यात म्हणून
यवतमाळ जिल्ह्यातील आमच्या गावी कापूस वेचणीच्या मजुरीचा हिशेब मी व्हिम या एडिटरमध्ये, म्हणजे मजकूर लिहिण्याच्या प्रोग्रॅममध्ये ठेवतो. परंतु वीज जाऊन संगणक पुन्हा सुरू केला, की ओळींचे क्रमांक आणि चार जागांचा टॅब ही दोन्ही सेटिंग्ज नाहीशी झालेली असत. अपूर्णविराम टंकून दिलेली ‘सेट नंबर’ ही ओळींचे क्रमांक दाखवणारी आज्ञा चालू सत्रापुरतीच टिकते. व्हिम सुरू होताना होम फोल्डरमधील ‘व्हिमआरसी’ ही फाइल वाचतो, आणि तिच्या नावाआधी टिंब असल्याने ती लिनक्स या संगणक प्रणालीवर एरवी दिसत नाही. तीत ‘सेट नंबर’ व ‘सेट टॅबस्टॉप=4’ या ओळी लिहिल्या. प्रथम टिंब राहून गेले होते, त्यात संध्याकाळ गेली. ते देताच मजुरीच्या प्रत्येक नोंदीच्या डावीकडे क्रमांक उमटला.