भूसंपादनाची नोटीस आली? आधी विहीर लिहून घ्या

नोटीस घेऊन शिवाजीनगर कोर्टात मला भेटायला येणारा माणूस पहिल्यांदा एकच विचारतो, "ताई, किती मिळतील?" मी उलट विचारते, मोजणीला कोण हजर होतं?

मुळशीकडच्या एका आबांनी प्लास्टिकच्या पिशवीतून नोटीस, सातबारा आणि चुरगाळलेली लाइट बिलं टेबलावर ओतली होती. सातबाऱ्यावर जमीन जिरायत. संयुक्त मोजणीच्या पंचनाम्यात विहीर नाही, कारण त्या दिवशी आबा नातीच्या बारशाला गेलेले. कामाला आली ती बिलं. शेतीपंपाची, अकरा वर्षांची. विहीर नव्हती तर पंप पाणी कुठून ओढत होता? पुन्हा पंचनामा झाला.

तेव्हा मोजणीची तारीख कळली की घरातलं जाणतं माणूस शेतात उभं हवंच. विहीर, बोअर, पाइपलाइन, गोठा, बांधावरची जांभळं सगळं लिहून घ्या. नुसतं 'आंबा 4' चालवून घेऊ नका. वय आणि घेर लिहायला लावा. लोकेशन चालू ठेवून फोटो काढा. काही राहिलंच, तर सही करताना सहीच्या वर ते स्वतःच्या हाताने लिहा.

एवढा आटापिटा का, ते 2013 च्या भूसंपादन कायद्यातल्या गणितात आहे. रेडी रेकनरचा, म्हणजे सरकारने ठरवलेला जमिनीचा दर हा एक आकडा. आसपासच्या, आधीच्या तीन वर्षांतल्या खरेदीखतांपैकी चढ्या दराच्या निम्म्या खतांची सरासरी हा दुसरा. जास्त असेल तो धरायचा. खतं कोणी आपल्यासाठी शोधत बसत नाही, इंडेक्स-टू, म्हणजे नोंदलेल्या खतांचे उतारे, आपणच काढावेत. ग्रामीण जमिनीला पुढे गुणक लागतो, मग विहीर, झाडं, बांधकामाची किंमत मिळवतात आणि त्या सगळ्या बेरजेवर 100 टक्के दिलासा रक्कम, म्हणजे तेवढेच पैसे आणखी. म्हणजे पंचनाम्यातून सुटलेली विहीर दुप्पट बुडते.

संपादनालाच विरोध असेल तर प्राथमिक अधिसूचनेपासून 60 दिवसांत लेखी हरकत द्या. राष्ट्रीय महामार्गाचा कायदा वेगळा. तिथे हरकतीला 21 दिवसच, आणि दराचा वाद लवादाकडे जातो. नोटिशीच्या माथ्यावर कुठला कायदा लिहिलाय ते म्हणूनच आधी वाचायचं.

पैसे घ्यायला लाजू नका, पण 'रक्कम कमी असल्याची हरकत राखून, निषेधासह स्वीकारत आहे' हे लिहिल्याशिवाय घेऊ नका. 2013 च्या कायद्याचं कलम 77 त्यासाठीच वाचायचं. वकिलीच्या सुरुवातीला एका अशिलाला हे सांगायचं माझ्याकडून राहिलं. त्यांनी पावतीवर सही ठोकली आणि वाढीव मोबदल्याचा रस्ताच बंद झाला. ते मला काही बोलले नाहीत, त्याचंच जास्त लागलं.

वाढीव मोबदल्याचा अर्ज त्याच कायद्याच्या कलम 64 खाली, जिल्हाधिकाऱ्यांकडे. निवाड्याच्या, म्हणजे मोबदला ठरवणाऱ्या आदेशाच्या वेळी हजर असाल तर त्या दिवसापासून सहा आठवडे. नसाल तर नोटीस मिळाल्यापासून सहा आठवडे किंवा निवाड्यापासून सहा महिने, जे आधी संपेल ते. सबळ कारण असेल तर आणखी एक वर्षापर्यंत उशीर माफ होऊ शकतो, पण त्या भरवशावर राहू नका.

अर्ज दोन प्रतींत न्या आणि आपल्या प्रतीवर आवक शिक्का घ्या. पुसट उमटला तर तिथल्या तिथे दुसरा मारून मागा. एका पुसट तारखेपायी मी कोर्टातल्या दोन तारखा घालवल्या आहेत.